घर कौशांबीत, कायदा लखनौचा

दिल्ली मेट्रोच्या निळ्या मार्गावर आनंद विहारनंतर कौशांबी लागतं आणि त्यापुढे शेवटचं स्टेशन वैशाली. 2011 च्या जुलैत मेट्रो इथवर आली. तेव्हापासून हजारो माणसं रोज या गाडीतून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातात आणि त्यांना ते जाणवतही नाही. हवा तीच, बोली तीच, स्टेशनाबाहेर ई-रिक्षांची गर्दीही तीच. पण आनंद विहार दिल्लीत आहे आणि कौशांबी उत्तर प्रदेशातल्या गाझियाबाद जिल्ह्यात. त्या दोन-तीन मिनिटांत घरमालक आणि भाडेकरू यांचं नातं ठरवणारा सगळा कायदा बदललेला असतो. अनामत किती घ्यायची, भाडं किती वाढवायचं, घर रिकामं होत नसेल तर कोणाच्या दारात जायचं, घर घेताना सरकारला किती द्यायचं, या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर इथे वेगळं आहे.

समजा, पुण्याहून बदली होऊन आलेल्या एका बँक अधिकारी बाईंनी वैशालीत फ्लॅट घेतला आणि तीन वर्षांनी त्या पुण्याला परतल्या. फ्लॅट आता भाड्याने द्यायचा आहे. पुण्यात आईवडिलांचा फ्लॅट त्या लीव्ह अँड लायसन्सवर देतात, त्यामुळे तोच मसुदा नावं आणि पत्ता बदलून इथेही चालेल असं त्यांना वाटतं. ‘एनसीआर म्हणजे दिल्लीच की’ असंही कोणीतरी सांगतं. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. राष्ट्रीय राजधानी क्षेत्र हे 1985 च्या केंद्रीय कायद्याने आखलेलं नियोजनाचं क्षेत्र आहे. रस्ते, रेल्वे, वस्त्यांची वाढ यांचा एकत्र विचार व्हावा म्हणून ते आखलं गेलं. भाड्याच्या कायद्यासाठी ते क्षेत्र अस्तित्वातच नाही. कौशांबीच्या घराचा कायदा विधिमंडळात ठरतो, आणि ते विधिमंडळ लखनौला आहे.

जमीन राज्याची

याचं मूळ राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत आहे. राज्य सूचीतल्या 18 व्या नोंदीत जमीन, जमीनधारणा, मालक-कुळांचे संबंध आणि खंडवसुली हे विषय आहेत. 63 व्या नोंदीने बहुतेक दस्तांवरच्या मुद्रांक शुल्काचे दर ठरवण्याचा हक्क राज्यांना दिला. समवर्ती सूचीत शेतजमिनीखेरीज इतर मालमत्तेचं हस्तांतरण आणि करार हे विषय आहेत. तिथे केंद्रालाही कायदा करता येतो. बिल्डरांवर वचक ठेवणारा रेरा कायदा 2016 मध्ये संसदेने केला तो याच आधारावर. पश्चिम बंगालने त्याला समांतर असा स्वतःचा कायदा केला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 4 मे 2021 रोजी तो घटनाबाह्य ठरवला.

म्हणजे एकाच घराच्या कागदपत्रांवर दोन सरकारांचे हात असतात. बिल्डरकडून घर घेताना मुख्य कायदा केंद्राचा, त्याचे नियम राज्याचे. मुद्रांक राज्याचा. आणि घर भाड्याने द्यायला निघालात की जवळपास सगळाच कारभार राज्याचा.

रिकामं घर जिल्हाधिकाऱ्याचं

गाझियाबादचा जन्मच मुक्कामासाठी बांधलेल्या खोल्यांतून झाला. 1740 च्या सुमारास मुघल दरबारातल्या गाजीउद्दीनने इथे 120 खोल्यांची सराय बांधली, असं या शहराचा परंपरागत इतिहास सांगतो. त्या वस्तीचं नाव गाजीउद्दीननगर. रेल्वे आल्यावर ते आखडून गाझियाबाद झालं. दिल्ली गेट, डासना गेट, सिहानी गेट ही जुन्या शहराच्या वेशींची नावं आजही पत्त्यांत लिहिली जातात.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा देशभर शहरांत घरांचा तुटवडा होता आणि पाठोपाठ फाळणी आली. मुंबई प्रांताने 1947 मध्ये भाडेनियंत्रण कायदा केला, त्याच वर्षी उत्तर प्रदेशनेही तात्पुरता म्हणून एक कायदा केला. हा ‘तात्पुरता’ कायदा पंचवीस वर्षं टिकला. त्याच्या जागी 1972 चा तेरावा कायदा आला. उत्तर प्रदेशातले वकील आजही त्याला नुसतं ‘तेरा नंबर’ म्हटलं तरी ओळखतात.

त्या कायद्यातली एक तरतूद आजच्या गुंतवणूकदाराला अविश्वसनीय वाटेल. भाडेकरू घर सोडून गेला की घरमालकाने ते रिकामं झाल्याची खबर जिल्हाधिकाऱ्याला द्यायची. त्यानंतर ते घर कोणाला द्यायचं हे जिल्हाधिकारी किंवा त्याच्या वतीने भाडेनियंत्रण अधिकारी ठरवणार. या वाटपाच्या आदेशाशिवाय मालकाने परस्पर कोणाला ठेवणं बेकायदा होतं. ठरलेल्या मुदतीत आदेश निघाला नाही, तरच मालकाला आपल्या पसंतीचं नाव सुचवता येई. किल्ली मालकाच्या खिशात असे, पण दार कोणासाठी उघडायचं हे सरकारी कचेरीत ठरे.

घर परत मिळवण्याची वाटही अरुंद होती. चार महिन्यांचं भाडं थकलं, मागणीची नोटीस बजावली, त्यानंतर महिनाभरातही पैसे आले नाहीत, तर दावा करता येई. असा दावा उत्तर प्रदेशात लघुवाद न्यायालयात चाले. कचेरीच्या बोलीत त्याला ‘खफीफा’ म्हणतात. पहिल्याच सुनावणीला भाडेकरूने व्याज आणि खर्चासह सगळी थकबाकी भरली, तर न्यायालय त्याला घराबाहेर काढण्यापासून वाचवू शकत असे. मालकाला स्वतःसाठी घर हवं असेल तर वेगळा अर्ज होता. पण भाडेकरू आत असलेलं घर विकत घेणाऱ्याला असा अर्ज तीन वर्षं करता येत नसे, आणि त्याआधी सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागे.

या तरतुदींमागची माणुसकी विसरता कामा नये. निर्वासित कुटुंबं, गिरणी-कारखान्यांतले कामगार, छोटे दुकानदार यांना रस्त्यावर येण्यापासून याच कायद्याने वाचवलं. पण संरक्षणाला मुदत नसली की त्याचा भार कोणावर तरी पडतो, आणि इथे तो एकट्या मालकावर पडला. मुंबईच्या चाळींत राहिलेल्यांना हे सांगायला नको. भाडं गोठलं, दुरुस्ती थांबली, इमारती खचल्या आणि पागडीचा व्यवहार वाढला. मुंबईच्या कायद्यातली गोठवलेली प्रमाणभाड्याची तरतूद आता अवाजवी झाली आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1997 मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात स्पष्ट शब्दांत म्हटलं. एका पिढीला आधार देणारा कायदा पुढच्या पिढीसाठी घरं उभी राहू देत नव्हता.

एका शहराची दोन शहरं

उत्तर प्रदेशने त्यातून हळूहळू दोन पळवाटा काढल्या. 26 एप्रिल 1985 रोजी किंवा त्यानंतर बांधून झालेल्या इमारतींना चाळीस वर्षं या कायद्यातून सूट मिळाली. पुढे 1990 च्या दशकात दरमहा दोन हजार रुपयांपेक्षा जास्त भाड्याच्या जागाही वगळल्या गेल्या.

या दोन ओळींनी गाझियाबादचे दोन भाग केले. वेशींच्या आतल्या जुन्या बाजारात, घंटाघराच्या आसपास आणि तुराबनगरच्या गल्ल्यांत, पिढ्यान्‌पिढ्या जुन्या भाड्यावर चालणारी दुकानं राहिली. विकास प्राधिकरणाने आणि आवास विकास परिषदेने हिंडनच्या अलीकडे वसवलेल्या वैशाली, वसुंधरा, इंदिरापुरमला मात्र त्या कायद्याचा स्पर्श जवळपास झालाच नाही. दिल्लीत नोकरी करणाऱ्याला परवडणारं भाड्याचं घर इथे मिळायला लागलं. त्याचं श्रेय मेट्रोला आणि रुंद रस्त्यांना मिळतं. घर भाड्याने दिलं तर ते परत मिळेल हा मालकाचा विश्वासही त्यामागे होता, आणि तो कायद्यातल्या या सवलतींनी दिला.

2021: नवा हिशोब

11 जानेवारी 2021 पासून उत्तर प्रदेशात अध्यादेशाने नवी व्यवस्था आली. त्याच वर्षी ती नगरीय परिसर किरायेदारी विनियमन कायदा म्हणून पक्की झाली आणि 1972 चा कायदा रद्द झाला. केंद्र सरकारने आदर्श भाडेकरार कायद्याला मंजुरी दिली ती त्यानंतर, 2 जून 2021 रोजी. तो केंद्राचा फक्त नमुना आहे. राज्याने स्वीकारला तरच तो लागू होतो.

आपल्या बँक अधिकारी बाईंनी फ्लॅट दरमहा 20,000 रुपयांनी दिला असं धरून हा कायदा वाचू.

पहिली गोष्ट, करार लेखीच हवा. उत्तर प्रदेशात त्याला किरायानामा म्हणतात. तो केल्यावर दोन महिन्यांत किराया प्राधिकाऱ्याला कळवायचं. हा अधिकारी जिल्हा प्रशासनातला असतो. पूर्वीपासून तोंडी चालत आलेल्या भाडेकरारांनाही लेखी रूप द्यायची जबाबदारी कायद्याने दोन्ही बाजूंवर टाकली.

दुसरी, अनामत. घरासाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांचं भाडं, म्हणजे इथे 40,000 रुपये. दुकान किंवा कार्यालयासाठी ही मर्यादा सहा महिन्यांची. मुंबईत भरभक्कम अनामत मोजलेल्या भाडेकरूला ही रक्कम लहान वाटेल. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्सच्या अनामतीला अशी कमाल मर्यादा नाही.

तिसरी, भाडेवाढ. कायद्यातला आकडा घरांसाठी वर्षाला 5 टक्के आणि बिगर-निवासी जागांसाठी 7 टक्के, तोही चक्रवाढीने. 20,000 चे दुसऱ्या वर्षी 21,000 आणि तिसऱ्या वर्षी 22,050 होतात. शेजारच्या सोसायटीत भाडी वाढली म्हणून अचानक पाच हजार वाढवून मागण्याला इथे जागा नाही.

चौथी, मुदत संपूनही भाडेकरू हलला नाही तर. पहिले दोन महिने दुप्पट भाडं, म्हणजे 40,000, आणि त्यानंतर चौपट, म्हणजे महिना 80,000. मुदत उलटल्यावर ‘बघू’ म्हणत राहणं भाडेकरूला परवडत नाही.

पाचवी, थकबाकी. पूर्वीच्या चार महिन्यांच्या जागी आता दोन महिने. मागणीची नोटीस मिळाल्यावर महिनाभरात पैसे भरले नाहीत, तर मालक घर परत मागू शकतो. स्वतःच्या वापरासाठीही तो अर्ज करू शकतो. हे सगळं किराया प्राधिकाऱ्यापुढे चालतं. त्यावर अपील जिल्हा न्यायाधीश किंवा अतिरिक्त जिल्हा न्यायाधीश यांच्या न्यायाधिकरणाकडे जातं. दिवाणी न्यायालयाचा लांबचा फेरा यातून काढून टाकला आहे.

पण हाच कायदा मालकाचा हातही धरतो. भांडण झालं म्हणून वीज किंवा पाणी तोडता येत नाही. भाड्याची पावती द्यावी लागते. करारात लिहिलं नसेल ते मनात धरून भाडेकरूला काढता येत नाही. म्हणून बाईंनी पुण्याचा मसुदा बाजूला ठेवून दिवसभर बसून नवा करार लिहिणं श्रेयस्कर. रंगकाम कोणाचं, देखभालीचा खर्च कोणाचा, वाढ कोणत्या महिन्यापासून, घर सोडताना नोटीस किती दिवसांची, हे सगळं त्यात हवं. नव्या कायद्याचा सगळा डोलारा लेखी शब्दावर उभा आहे. शब्द कच्चे राहिले तर मालक आणि भाडेकरू दोघंही उघड्यावर येतात.

दोन शेजारी, दोन वळणं

आता परत आनंद विहारला जाऊ. दिल्लीत 1958 चा भाडेनियंत्रण कायदा चालतो. 1988 मध्ये 3,500 रुपयांपेक्षा जास्त भाड्याच्या जागा त्यातून वगळल्या गेल्या. त्याहून कमी भाड्याचा भाडेकरू आजही त्याच कायद्याच्या छत्राखाली आहे. संसदेने 1995 मध्ये दिल्लीसाठी नवा भाडेकायदा मंजूरही केला, पण तो अंमलात आणणारी अधिसूचना कधी निघालीच नाही. मंजूर झालेला कायदा कपाटात आणि जुना दुकानांच्या पाट्यांखाली, अशी ही स्थिती.

महाराष्ट्राने तिसरी वाट धरली. 31 मार्च 2000 पासून लागू झालेल्या आपल्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या भाडेकरूंना संरक्षण कायम ठेवलं आणि त्यांच्यासाठी वर्षाला 4 टक्के वाढ मान्य केली. पागडीलाही कायदेशीर जागा दिली. दुसऱ्या बाजूला लीव्ह अँड लायसन्सचा रस्ता रुंद केला. कलम 55 नुसार तो करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड. मुदत संपल्यावर कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन घर लवकर परत मागता येतं. पुण्या-मुंबईत घरबसल्या करार नोंदवून देणारे एजंट दिसतात ते या कलमांमुळेच.

दिल्ली जुन्या कायद्याला चिकटून राहिली, महाराष्ट्राने जुन्याच्या शेजारी नवी वाट काढली, उत्तर प्रदेशने जुनं पुसून नव्याने लिहिलं. घरमालकाला या तिघांपैकी एकाची निवड करता येत नाही. ज्या मातीत घर आहे, ती माती निवड करते.

घर घेताना

गाझियाबादेत घर घेणाऱ्याने भाड्याच्या आधी बिल्डरचा विचार करावा. रेरा कायदा केंद्राचा असला, तरी त्याची धार राज्याच्या नियमांवर ठरते. उत्तर प्रदेशने हे नियम ऑक्टोबर 2016 मध्ये काढले आणि त्यात ‘चालू प्रकल्पा’ची व्याख्या अशी केली की अनेक अर्धवट प्रकल्प नोंदणीतून सुटू शकत होते. पुढे उत्तर प्रदेशातूनच गेलेल्या न्यूटेक प्रमोटर्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 11 नोव्हेंबर 2021 रोजी चालू प्रकल्पांनाही रेरा लागू असल्याचं सांगितलं. ताबा वेळेत मिळाला नाही तर पैसे परत मागण्याचा ग्राहकाचा हक्क बिनशर्त असल्याचंही न्यायालयाने म्हटलं.

हक्क मिळाला तरी पैसे हातात यायला आणखी एक राज्य सरकारी दार ओलांडावं लागतं. रेराचा आदेश बिल्डरने पाळला नाही, तर वसुली प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्याकडे जातं आणि शेतसाऱ्याच्या थकबाकीसारखी वसुली होते. गाझियाबादमधल्या ग्राहकांच्या तोंडी त्याला ‘आरसी’ म्हणतात. आदेश जिंकण्याइतकंच आरसीचा पाठपुरावा करणं महत्त्वाचं असतं.

दुसरा कायदा उत्तर प्रदेशचा स्वतःचा आहे: 2010 चा अपार्टमेंट कायदा. महाराष्ट्रात आपण सहकारी गृहनिर्माण संस्था आणि जमिनीच्या अभिहस्तांतरणाची भाषा बोलतो. इथे प्रत्येक फ्लॅटधारकाचा सामायिक जागेत अविभाज्य हिस्सा असतो, आणि कारभार अपार्टमेंट ओनर्स असोसिएशन, म्हणजे ‘एओए’, पाहते. मंजूर नकाशात बदल करायचा तर फ्लॅटधारकांची संमती लागते. गाझियाबाद विकास प्राधिकरणाविरुद्ध गेलेल्या डिझाइनार्क खटल्यात अलाहाबाद उच्च न्यायालयाने 14 नोव्हेंबर 2013 रोजी हे ठामपणे सांगितलं.

ही संमती किती खरी असते, ते शेजारच्या नोएडाने दाखवलं. एमराल्ड कोर्ट या तिथल्या गृहसंकुलाच्या फ्लॅटधारकांची संमती न घेता आणि इमारतींमधलं किमान अंतर न पाळता उभे केलेले दोन मनोरे पाडण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 31 ऑगस्ट 2021 रोजी दिला. 28 ऑगस्ट 2022 ला ते काही सेकंदांत जमीनदोस्त झाले. त्या मनोऱ्यांतल्या सदनिकांत पैसे गुंतवणाऱ्यांनी राज्याचा अपार्टमेंट कायदा वाचला असता, तर बुकिंगच्या आधी एक प्रश्न नक्की विचारला असता: शेजारच्या रहिवाशांनी सही केली आहे का?

प्लॉट घेणाऱ्याने आणखी सावध राहावं. महाराष्ट्रात शेतजमीन घेणारा सहसा शेतकरीच असावा लागतो. उत्तर प्रदेशात ती अट नाही, पण साडेबारा एकरांची कमाल मर्यादा आहे. शिवाय अनुसूचित जातीच्या खातेदाराची जमीन अनुसूचित जातीबाहेरच्या व्यक्तीला विकायची तर जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते. खतौनीत, म्हणजे इथल्या सातबाऱ्यात, जमीन बिगरशेती म्हणून नोंदली जाणं ही एक गोष्ट आणि प्राधिकरणाने नकाशा मंजूर करणं दुसरी. या दोहोंतली दरी न ओळखता नुसत्या मुखत्यारपत्रावर प्लॉट घेणाऱ्यांनी आयुष्याची कमाई घालवली आहे. मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच सांगितलं आहे.

शेवटी रजिस्ट्री. उत्तर प्रदेशात शहरी मालमत्तेवर साधारण 7 टक्के मुद्रांक आणि 1 टक्का नोंदणी शुल्क. 60 लाखांच्या फ्लॅटवर 4 लाख 20 हजार अधिक 60 हजार, एकूण 4 लाख 80 हजार. पुण्यात मुद्रांक तेवढाच, पण नोंदणी शुल्काला 30,000 ची कमाल मर्यादा आहे. घर महिलेच्या नावावर असेल तर गाझियाबादेत मुद्रांकात 1 टक्क्याची सवलत मिळते. 2025 मध्ये राज्याने तिची मर्यादा एक कोटींच्या मालमत्तेपर्यंत वाढवली. 60 लाखांच्या फ्लॅटवर त्यामुळे 60,000 वाचतात. रजिस्ट्रीनंतर दाखिल-खारिज, म्हणजे फेरफार, करून घेतल्याशिवाय काम पूर्ण झालं असं समजू नये.

बंद कुलपाची किंमत

इतक्या कलमांतून माझ्या मनाला एकच गोष्ट भिडते. भारतातल्या मोठ्या शहरांत असंख्य घरं कुलूपबंद आहेत, आणि त्याच शहरांत असंख्य माणसं घर शोधत हिंडतात. मालकाला भीती असते की घर परत मिळणार नाही. भाडेकरूला भीती असते की उद्या बाहेर काढतील. भाड्याच्या कायद्याचं काम या दोन्ही भीती एकदम कमी करणं. एकीचीच काळजी घेतली की दुसरी कुलूप होऊन दारावर लटकते. 1972 च्या कायद्याने भाडेकरूची भीती घालवली आणि मालकाची वाढवली. 2021 च्या कायद्याने दोघांना एकाच लेखी कागदावर आणून बसवलं. त्या कागदाचं मोल किती, हे किराया प्राधिकाऱ्याचं कार्यालय किती लवकर आणि किती निष्पक्ष निर्णय देतं त्यावर ठरेल.

गाझियाबादची सुरुवात परक्यांसाठी बांधलेल्या 120 खोल्यांनी झाली. आजही पूर्वांचल, बिहार, उत्तराखंड, बंगाल आणि महाराष्ट्रातून आलेली माणसं इथे कोणाच्या तरी दोन खोल्यांत आपला पहिला संसार मांडतात. बाईंच्या वैशालीतल्या फ्लॅटमध्येही असं एखादं जोडपं येईल. त्यांचा करार नीट लिहिला गेला, त्याची खबर वेळेत दिली गेली आणि वर्षाच्या शेवटी भाडं ठरल्याप्रमाणे 21,000 झालं, तर दोघांपैकी कोणालाच लखनौचा कायदा आठवणार नाही. आणि बाई पुण्याला बसून त्या घराच्या किल्लीची चिंता करणार नाहीत.